बुजऱ्या माशांच्या टँकसाठी टीसी-४२० कंट्रोलर: लाइट हळू लागतो, पण आधी वायर बघा

टीसी-४२० म्हणजे टँकचा लाइट ठरल्या वेळी हळूहळू चढवणारी आणि उतरवणारी डबी. निकाल आधी सांगतो: पाचपैकी साडेतीन. नावातच चारशे वीस आहे म्हणून बिचकू नका, वस्तू प्रामाणिक आहे. कापलेले दीड गुण वस्तू बंद पडते म्हणून नाही. सोबत येणारं सॉफ्टवेअर रखडवतं, आणि गेलेली वीज परत आली की हा कंट्रोलर माशांचा अजिबात विचार करत नाही. ज्यांच्याकडे १२ किंवा २४ व्होल्टचा लाइट आहे, हातात स्क्रूड्रायव्हर धरायची तयारी आहे आणि टँकमध्ये कार्डिनल टेट्रा, डिस्कस, चॉकलेट गुरामी, डेनिसन बार्ब यांच्यासारखे दचकणारे मासे आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांचा लाइट थेट २३० व्होल्टवर चालतो त्यांना याचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार काहीही सांगो.

मासे बुजतात कशाला

लाइट लागल्याबरोबर मासे फिल्टरच्या मागे जाऊन बसतात, रंग उडतो, पंख आखडतात, खाणं टाकलं तरी वर येत नाहीत. अशा वेळी "लाइट फार प्रखर आहे" असं म्हणून लोक कमी वॅटचा लाइट आणतात, झाडं पिवळी पडतात आणि मासे तसेच लपलेले राहतात. प्रखरपणा हा दोषाचा एक भाग झाला. त्याहून मोठा दोष असतो तो अंधारातून एका क्षणात भर दुपारी आणून सोडण्याचा.

माशाला पापणी नसते, आणि बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली आपल्यासारखी लहानमोठी होत नाही. उजेडाशी जुळवून घ्यायचं काम त्यांच्या डोळ्यातला पडदाच करतो. तिथले काळे रंगकण आणि दृष्टिपेशी पुढेमागे सरकतात आणि नाजूक पेशींना उजेडापासून झाकतात. ही सरकासरक व्हायला साधारण अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. निसर्गात सूर्य तेवढा वेळ देतो, भिंतीवरचं बटण देत नाही. निऑन किंवा कार्डिनल टेट्रा रात्रीच्या अंधारानंतर बघा, निळा पट्टा जांभळट, मळकट दिसतो. रात्री फिका झालेला हा रंगही लाइट लागल्यावर हळूहळूच परततो. तोवर मासा दबूनच असतो.

म्हणून विकत घ्यायची गोष्ट म्हणजे हळू चढणारा आणि हळू उतरणारा उजेड. मंद बल्ब आणून हे काम होत नाही.

खर्च करण्याआधी एक फुकट चाचणी

सकाळी लाइट लावायच्या आधी टँकच्या वरच्या काचेवर अर्ध्या भागात जाड खाकी कागद ठेवा. कागद काचेवर ठेवायचा, लाइटवर पांघरायचा नाही, गरम होतो. तीन-चार तासांनी मासे सावलीच्या भागात मोकळेपणाने फिरत असतील, चरत असतील, तर दोष उजेडाचा आहे आणि कंट्रोलर कामी येईल. सावलीतही कोपऱ्यात दाटीने बसले असतील, श्वास जोरात चालू असेल, तर लाइटला दोष देऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासा, टँकमध्ये एखादा दांडगा मासा इतरांना हाकलतोय का ते पाहा, आणि कळपात राहणारे मासे दोन-तीनच आणलेत का याचाही विचार करा. सहापेक्षा कमी कार्डिनल कुठल्याही उजेडात घाबरटच राहतात.

वस्तू काय आहे

टीसी-४२० ही हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची डबी. पुढे लहानसा पडदा आणि बटणं, कडेला स्क्रूचे टर्मिनल, संगणकाला जोडायला मिनी-यूएसबी. आत घड्याळ आहे. पाच चॅनेल, म्हणजे वेगवेगळे चालवता येणारे लाइटचे पाच मार्ग आहेत, प्रत्येक चॅनेल जास्तीत जास्त ४ अँपिअर, सगळे मिळून २० अँपिअर. १२ ते २४ व्होल्ट डीसी पुरवठा लागतो. संगणकावर पीएलईडी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसाचा आलेख काढायचा, डबीत उतरवायचा, मग संगणक लागत नाही. टीसी-४२१ हा त्याचा वायफायवाला भाऊ, त्याला मोबाइलवरून प्रोग्रॅम करता येतो. घरात विंडोजचा संगणक नसेल तर सरळ ४२१ घ्या.

पाच चॅनेल कशाला, एकच तर लाइट आहे, असं वाटेल. बुजऱ्या माशांसाठी दोन चॅनेल तरी लागतात. त्याचं कारण खाली, पहाटेच्या पट्टीच्या वेळी.

तुमचा लाइट याला चालेल का

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

लाइटच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. आउटपुट "१२ व्होल्ट, २ अँपिअर" किंवा "२४ व्होल्ट" असं ठाम एकच व्होल्टेज असेल तर बहुधा चालेल. "३० ते ४२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर" असं व्होल्टेजला पट्टा दिलेला असेल तर तो ठरलेला करंट देणारा ड्रायव्हर आहे. त्याच्या पुढे हा कंट्रोलर जोडला तर लाइट तरी जाईल किंवा डबी तरी. आणि अडॅप्टरच नसेल, पिन सरळ बोर्डात जात असेल, तर विषय संपला. आपल्याकडच्या तयार टँकच्या हुडमधल्या, म्हणजे झाकणातल्या, बऱ्याच ट्यूब आणि पाण्यात बुडणारे दांडे असेच थेट चालणारे असतात.

दुसरी खोच वायरीत. १२ व्होल्टच्या पुष्कळ लाइटना वायरीच्या मध्येच टच डिमर, म्हणजे बोट लावून उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं. ते तसंच ठेवून त्याच्या आधी टीसी-४२० लावला तर लाइट लुकलुकतो किंवा लागतच नाही, कारण कंट्रोलर दर सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतो आणि डिमरमधल्या चिपला वाटतं की वीज जातेय-येतेय. डिमर काढून टाका, कंट्रोलरच्या वायरी थेट लाइटकडे न्या. लाइटच्या पट्टीच्या आतच चिप असेल, म्हणजे रिमोटवर किंवा अॅपवर चालणारा लाइट असेल, तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका.

तिसरी गोष्ट हिशेबाची. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. दोन फुटी टँकवरचा २४ वॅटचा १२ व्होल्ट लाइट २ अँपिअर खातो, एका चॅनेलला आरामात झेपतो. मीटरला १४.४ वॅट खाणारी पट्टी पूर्ण ५ मीटर लावली तर ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. एका चॅनेलवर टाकली तर चॅनेल जळेल. तिचे दोन तुकडे करून दोन चॅनेलवर टाका आणि दोन्हींना सारखाच आलेख द्या. अडॅप्टर हिशेबापेक्षा पाव पट मोठा घ्या. २ अँपिअर लागत असतील तर अडीच-तीनचा. सस्ता अडॅप्टर अर्ध्या उजेडावर बारीक शिट्टी मारतो, आणि हॉलमध्ये शांतता असली की ती डोक्यात जाते.

जोडणी

सामान थोडंच लागतं: ५.५ × २.१ मिमीचे स्क्रूवाले डीसी कनेक्टर (नर आणि मादी), १ चौरस मिमीची तांबड्या-काळ्या रंगाची वायर, वरच्या २४ वॅटच्या लाइटसाठी ५ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट, आणि डबी भिंतीला लावायला स्क्रू. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, सगळं एका चकरेत मिळतं. मत्स्यालयाच्या दुकानात हेच कनेक्टर मागितले तर भाव वेगळाच लागतो.

टीसी-४२० मध्ये सगळ्या लाइटची तांबडी तार, म्हणजे प्लस, एकत्र असते आणि प्रत्येक चॅनेल फक्त काळी तार, म्हणजे मायनस, चालू-बंद करतो. ही गोष्ट लक्षात न घेता लोक मायनस एकत्र करतात. मग सगळे लाइट पूर्ण उजेडात लागतात आणि प्रोग्रॅम कितीही बदलला तरी ढिम्म हलत नाहीत. तसं झालं तर डबी खराब आहे असं समजून परत पाठवू नका, आधी तारा बघा.

क्रम असा ठेवा. अडॅप्टर बोर्डातून काढलेला असू द्या. अडॅप्टरच्या प्लसवर फ्यूज, मग कंट्रोलरचा इनपुट. लाइटची प्लस सामायिक प्लसला, मायनस चॅनेल १ ला. तारेचे सुटे धागे पीळ देऊन बाहेर राहणार नाहीत असे आत घाला. दोन टर्मिनलमध्ये अंतर फार नाही, एक धागा शेजारी टेकला तरी पुरतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. मग वीज द्या.

डबी टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, बाजूच्या भिंतीला लावा. झाकणाच्या आत ठेवाल तर वाफेने वर्षभरात टर्मिनल हिरवे पडतात, आणि कोकणात पावसाळ्यात तर त्याहून आधी. लाइटकडून येणारी वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, डबीत जाणार नाही. अडॅप्टर ज्या बोर्डात आहे तो टँकच्या खाली जमिनीवर नको.

पहाटेची पट्टी

आता खरी गंमत. कंट्रोलरमध्ये उजेड ० ते १०० टक्क्यांत मोजतात. १ टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पूर्ण अंधाऱ्या खोलीत २४ वॅटच्या लाइटचा १ टक्काही चांगलाच जाणवतो. आपला आणि माशांचा डोळा अंधारात फार तिखट असतो. ० वरून १ वर जाणारी ही पहिली पायरीच कार्डिनलना दचकवते. ८० वरून ८१ झाल्याचं कुणाला कळतही नाही.

उपाय म्हणजे दुसऱ्या चॅनेलवर एक लहानशी पिवळसर पट्टी. १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडीवाली पट्टी दर तीन एलईडीवर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला कापता येते. १५ सेंटिमीटरचा, नऊ एलईडीचा तुकडा पुरे. तो टँकच्या एका टोकाला, पाण्यापासून दूर, हुडला चिकटवा. मधोमध नको. आधी ही पट्टी अर्ध्या तासात ० पासून १०० पर्यंत चढू द्या, मग मोठा लाइट सुरू करा. एका टोकाला उजेड आणि दुसऱ्या टोकाला अंधार राहिला की मासे स्वतः ठरवतात कुठे थांबायचं. एवढ्यानेच अर्धी पळापळ कमी होते.

दिवसाचा आलेख

आपल्या घरी टँक बघायचा तो संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. म्हणून सकाळी आठला लाइट लावून रात्री दहापर्यंत चौदा तास जाळण्यात अर्थ नाही, शेवाळाची सोय होते फक्त. झाडं असलेल्या दोन फुटी टँकला हा आलेख चांगला चालतो:

दुपारी १:०० – पहाट ०, मोठा लाइट ०
१:३० – पहाट १००, मोठा ०
१:४५ – पहाट १००, मोठा ५
२:१५ – मोठा २०
३:०० – मोठा ५०
रात्री ८:३० – मोठा ५०
९:१५ – मोठा २०
९:४५ – मोठा ५
१०:०० – पहाट १००, मोठा ०
१०:३० – पहाट ०

सॉफ्टवेअरमध्ये "फेड" निवडायचं, "जंप" नाही. जंपमध्ये प्रत्येक वेळेला उजेड झटक्याने बदलतो, म्हणजे एवढा खटाटोप करून भिंतीवरचं बटणच पुन्हा विकत घेतल्यासारखं. फेडमध्ये दोन खुणांच्या मधली रेघ कंट्रोलर स्वतः भरतो. त्यामुळे ३:०० आणि ८:३० अशा दोन्ही वेळी ५० ची खूण लागतेच. ८:३० ची विसरलात तर उजेड तीनपासूनच उतरायला लागेल आणि संध्याकाळी सातला टँक अंधुक दिसेल. तसंच रात्रीची शेवटची आणि दुसऱ्या दिवसाची पहिली खूण, दोन्ही शून्यावर ठेवा. रात्रभर मंद उजेड राहतोय अशी तक्रार दिसते तेव्हा बहुतेक वेळा ही खूणच शून्यावर नसते.

निळा "मूनलाइट" रात्रभर ठेवायचा मोह होतो, तिसरा चॅनेल मोकळाच असतो ना. नका ठेवू. माशांनाही अंधार लागतो. रात्रीचा उजेड त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन घटवतो आणि विश्रांती होत नाही. फार तर लाइट गेल्यावर अर्धा तास, निशाचर मासे बघायला. कूली लोच पाळणाऱ्यांची करमणूक तेवढ्यात होते.

आणखी एक. कंट्रोलर कितीही शहाणा असला तरी खोलीतली ट्यूब रात्री साडेअकराला कुणी फटकन लावली तर टँकच्या दृष्टीने तो स्फोटच. दिवाणखान्यात झोपायच्या आधी लागणारा-विझणारा लाइट टँकवर थेट पडत असेल तर टँकच्या त्या बाजूला काळा कागद लावा.

किती टक्के, कुणाला

वर ५० टक्के लिहिलंय ते डोळे मिटून घेऊ नका. लाइटची ताकद, पाण्याची उंची, पाण्याचा रंग यावर ते बदलतं. तरी अंदाज असा. चॉकलेट गुरामी आणि काळ्या, पानांनी रंगलेल्या पाण्यातून येणारे मासे यांना शिखर, म्हणजे दिवसातला सगळ्यात जास्त उजेड, २० ते ३० टक्के पुरे. त्यांच्या टँकमध्ये अनुबियास, जावा फर्न, बुसेफलँड्रा अशी कमी उजेडातली झाडंच लावा. कार्डिनल टेट्रा वर तरंगती झाडं असतील तर ५० पर्यंत खुशाल राहतात. डिस्कसना प्रखरतेपेक्षा अचानकपणा नको असतो. त्यांना मोठ्या लाइटची चढण वरच्या आलेखापेक्षा अर्धा तास जास्त द्या.

डेनिसन बार्बची गोष्ट निराळी. हा आपल्याच पश्चिम घाटातला मासा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या डोंगरी ओढ्यांमधला, आणि त्याची प्रजाती (जीनस) सह्याद्रिया या नावाने २०१३ साली स्वतंत्र केली गेली. निसर्गसंवर्धन करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, म्हणून घेताना पैदाशीचा आहे का ते विचारा. उघड्या वाहत्या पाण्यातला असल्याने उजेड त्याला सोसतो, ६० टक्केही चालतो. पण तो दचकला तर सरळ काचेवर आपटतो किंवा उडी मारून बाहेर पडतो. १०-१५ सेंटिमीटरचा मासा आहे, लागणारा धक्का काही लहान नसतो. त्याच्यासाठी चार फुटी टँक, सहाचा तरी कळप, घट्ट झाकण, आणि मग हा कंट्रोलर. यातलं कंट्रोलर सोडून बाकी काहीच नसेल तर पैसे झाकणावर घाला.

नवीन मासे आणले असतील तर वेगळा प्रोग्रॅम करून ठेवा. पिशवी काळोख्या खोक्यातून आलेली असते, ती ट्यूबच्या खाली उघडू नका. टँकचा लाइट त्या दिवशी बंद, फक्त खोलीचा उजेड. दुसऱ्या दिवसापासून शिखर १५-२० टक्के, चार दिवस तसंच. मासे दिवसा समोर येऊन खायला लागले की दर आठवड्याला १० टक्क्यांनी वाढवा. वाढवल्यावर पुन्हा लपायला लागले तर एक पायरी खाली या आणि आठवडाभर थांबा. घाई केली तर मासे बुजतात आणि वर शेवाळही चढतं, कारण झाडांना वाढलेला उजेड वापरायला वेळ मिळत नाही. डबीत बरेच प्रोग्रॅम साठवता येतात. "नवीन", "२०", "३०", "५०" असे वेगळे करून ठेवले तर प्रत्येक वेळी संगणक काढावा लागत नाही.

कुठे चुकतो

पहिलं, वीज. आत बटणासारखी बॅटरी असल्याने वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं, हे चांगलंच. पण दुपारी साडेचारला वीज परत आली की कंट्रोलर त्या वेळेला नेमलेल्या ५० टक्क्यांवर थेट येतो. हळू चढत नाही. ज्या गावात भारनियमन रोजचं आहे तिथे बुजऱ्या माशांना रोज एक दणका ठरलेला. यावर एकच चांगला तोडगा आहे. वायफाय राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, तो अडॅप्टर आणि कंट्रोलरच्या मध्ये लावा. बहुतेक २ ते ३ अँपिअरचे असतात, म्हणून तुमच्या लाइटचा हिशेब त्यात बसतो का ते आधी बघा. घराला इन्व्हर्टर असेल तर टँकचा बोर्ड त्यावर घ्या, फिल्टरही वाचेल.

घड्याळ वीज गेल्यावर मागे पडायला लागलं की समजा बॅटरी संपली. तसंही ते महिन्यात काही मिनिटं पुढेमागे होतं. त्याने माशांचं काही बिघडत नाही.

दुसरं, सॉफ्टवेअर. पीएलईडी फक्त विंडोजवर चालतं. इंग्रजी अशी की वाचून हसू येतं, आणि काही बटणांचा अर्थ दाबल्यावरच कळतो. डबीसोबत आलेली केबल हरवली तर मोबाइल चार्जिंगची कुठलीही जुनी मिनी-यूएसबी केबल चालेल असं नाही, पुष्कळ केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. संगणकाला डबी दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधण्याआधी केबल बदला. प्रोग्रॅम उतरवल्यावर डबीच्या पडद्यावर तोच प्रोग्रॅम चालू आहे ना ते बघा. जुनाच चालू राहतो आणि माणूस आलेख दुरुस्त करत बसतो.

तिसरं लहान आहे. मंद उजेडात मोबाइलने व्हिडिओ काढला तर काळे पट्टे सरकताना दिसतात. लाइट खराब नाही, चालू-बंद होण्याचा वेग कॅमेऱ्याला दिसतो इतकंच. व्हिडिओ काढायचा असेल तेव्हा १०० टक्क्यांचा एक प्रोग्रॅम तात्पुरता लावा, पण दुपारी, आणि हळू चढवून.

याऐवजी काय घेता येईल

तीन बटणांचा वायरीत बसणारा डिमर सगळ्यात स्वस्त. त्यावर ३, ६, १२ तासांचं टायमर असतं. बरेचसे असे टायमर घड्याळ बघत नाहीत, बटण दाबल्यापासून तास मोजतात. दोन तास वीज गेली की सगळं दोन तास पुढे सरकतं, आणि आठवड्याने टँक मध्यरात्री उजळलेला सापडतो. उजेड कमी करायला ठीक, हळू चढवायला नाही. काहींमध्ये मिनिटभराची चढण असते. माशांच्या डोळ्याला मिनिट म्हणजे काहीच नाही.

वायफाय प्लग फक्त चालू-बंद करतो, त्याचा इथे विषयच नाही. वायफाय बल्ब मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एक-दीड फुटी टँकवर ९ वॅटचा बल्ब लटकवून अॅपमध्ये पहाटेचा क्रम लावला तर काम होतं. फक्त वीज परत आल्यावर बल्ब कसा लागावा ही सेटिंग शोधून "आधी होता तसा" करून ठेवा, नाहीतर बरेच बल्ब पूर्ण पांढऱ्या उजेडात उघडतात.

पैशाची अडचण नसेल तर आतच पहाट-संध्याकाळ असलेला लाइट घ्या. फ्लुवल प्लांट ३.० मध्ये ब्लूटूथ अॅपवरून पाच रंगांच्या एलईडी वेगवेगळ्या चढवता-उतरवता येतात. २४ ते ३४ इंची नमुना ३२ वॅटचा, ३६ ते ४६ इंची ४६ वॅटचा. चिहिरोसचे अॅपवाले लाइटही याच पठडीतले. तारा जोडायची कटकट नाही, दिसतातही सुबक. पण घरात आधीच चांगला १२ व्होल्टचा लाइट असेल तर केवळ पहाटेसाठी तो फेकून एवढा खर्च करणं पटत नाही. टीसी-४२० ची जागा नेमकी इथे आहे.

कंट्रोलरने न होणारी कामं

काही टँकमध्ये दोष लाइटचा नसतोच, खालच्या मांडणीचा असतो. पांढरी खडी किंवा चकचकीत गोट्या असतील तर उजेड खालूनही येतो, आणि ज्या माशाचं पोट खालून उजळतं तो कधीच निर्धास्त होत नाही. गडद वाळू घाला. मागचं रंगीत पोस्टर काढून साधा काळा कागद लावा. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा तरी तरंगत्या झाडांनी झाका: साल्व्हिनिया, फ्रॉगबिट, गोंडाळ. फिल्टरचा प्रवाह त्यांना ढकलून एका कोपऱ्यात दाबत असेल तर एअर लाइनच्या नळीचं कडं करून त्यात अडकवा. देशी बदामाची वाळलेली पानं पाण्याला चहाचा रंग देतात आणि उजेड गाळतात. ५० लिटरला दोन मध्यम पानांपासून सुरुवात करा. फवारणी झालेल्या बागेतली किंवा रस्त्याकडेची धूळभरली पानं नकोत.

लपायला जागा जास्त दिल्या तर मासे दिसणारच नाहीत, ही समजूत उलटी आहे. आडोसा दोन हातांवर आहे हे माहीत असलेला मासा मोकळ्या पाण्यात येतो. एकच गुहा असलेल्या टँकमध्ये सगळे तिच्यातच बसतात.

घेताना एक पथ्य. ऑनलाइन विक्रेते एकाच चित्राखाली ४२०, ४२१ आणि त्यांच्या नकला विकतात, त्यामुळे पार्सल आल्यावर डबीवरचा छापील नमुना क्रमांक आधी वाचा. मग टँकला जोडण्याआधी पट्टीचा तोच नऊ एलईडीचा तुकडा घेऊन पाचही चॅनेल एकेक करून ० ते १०० चढवून बघा. एखादा मेलेला किंवा कायम पेटलेला चॅनेल परतीची मुदत असतानाच सापडलेला बरा.